चि. मनूस, झांकीच्या रात्रीनंतर

॥ श्री ॥

इंदूर, अनंत चतुर्दशीनंतरचा तिसरा दिवस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा निरोप मिळाला. शेवेचा डबा घट्ट लावून ठेव, पुण्याच्या पावसात लगेच सादळते. नानांची साखर आटोक्यात आहे. वरच्या खोलीचं बाबांनी अजून काही ठरवलेलं नाही.

स्टेशनवर तुझ्या रात्री जागून खेळण्यावरून मी जे बोलले ते तिथे बोलायला नको होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना मुलीला असं बोलू नये. तू उत्तर दिलं नाहीस, नुसता खिडकीतून हात हलवलास, ते डोळ्यांपुढून जात नाही. पण विषय मनातूनही जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मिरवणुकीत हुकमचंद मिलची झांकी समोरून चालली होती, आत्या तुला दंडाला धरून दाखवत होती आणि तू भिंतीला टेकून फोनवर तुझ्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये होतीस. दीड वाजायला दहा मिनिटं कमी. "थांब गं आई, चार कामं राहिलीत, दीडला दिवस बदलतो." मजा येते का विचारलं तर म्हणालीस, "मजेचं काही नाही, आता सोडवत नाही." मनू, मला त्या वाक्याची भीती वाटली. खेळू नकोस असं या घरात तुला कुणी कधी म्हटलं नाही आणि मीही आज म्हणत नाही. मजा नसताना दीड वाजेपर्यंत जागणं, एवढंच माझं दुखणं आहे.

हिशेब मांडून बघ. रोजची चार कामं केली की ६० रत्नं. एका विशला, म्हणजे पात्रासाठीच्या एका सोडतीला, १६०. पाच ताऱ्यांचं पात्र नक्की येण्यासाठी ९० विश, म्हणजे १४,४०० रत्नं. नुसत्या रोजच्या कामांवर त्याला २४० दिवस लागतात, आणि पहिल्या खेपेला हवं तेच पात्र येईल अशी हमी नाही. इव्हेंटांतून आणखी रत्नं मिळतात हे मान्य, पण तू जागतेस ती या साठांसाठी. एक दिवस चुकला तर अर्धी विशसुद्धा जात नाही.

आता त्या दीडचं. आशियाच्या सर्व्हरवर दिवस पहाटे चारला पालटतो, पण ते चार चीनच्या घड्याळातले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड असतो. म्हणजे रात्री दीडपासून पुढच्या रात्री दीडपर्यंत तुला पुरे चोवीस तास आहेत आणि सकाळचा चहा त्यातच येतो. चूक कुठे होते तर कामावरून आल्यावर तू ते मागे टाकत जातेस, मग दीडच्या आधी कालची चार आणि जागीच आहे म्हणून दीडनंतर आजची चार, असं दुप्पट होऊन बसतं. एक दिवस सोडून दे आणि तिथून सकाळची वेळ धर. रेझिनचंही, म्हणजे खेळातली बक्षिसं घ्यायला खर्चावी लागणाऱ्या त्या शक्तीचंही, तसंच. आठ मिनिटांना एक या गतीने २०० भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात. सकाळी आठला शून्यावर आणलंस तर दुसऱ्या दिवशी आठला ते १८० झालेलं असेल. वाया काही जात नाही. फोनवरच्या त्या खेळाच्या सूचना बंद कर, रेझिन भरल्याची आठवण तर सर्वात आधी.

बॅटल पास, तो पातळ्या चढत बक्षिसं देणारा विकतचा पास, घ्यायचाच असेल तर सुरुवातीला घेऊ नकोस. शेवटच्या आठवड्यात आपोआप कुठल्या पातळीपर्यंत आलीस ते बघ आणि मग ठरव, कारण उशिरा घेतला तरी मागच्या पातळ्यांची बक्षिसं मिळतात. आधी पैसे भरले की पैसे वसूल करायला खेळावं लागतं, आणि तिथेच खेळाची नोकरी होते. नोकरी तुला एक आहे, ती तू चांगली करतेस. परवा नाना शेजाऱ्यांना तुझं नवं काम समजावून सांगत होते, निम्मं चुकीचं, पण किती अभिमानाने!

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. २०२२ पासून ती यादी लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, हे साधारण बारा महिने टिकून राहिलं आणि त्याने घर-काम-माणसं यांची मोडतोड झाली तर डॉक्टर तसं म्हणतात. मी शब्द न् शब्द ताडून पाहिला. तुझं तसं नाही. तरी ताडून पाहिला हे तुला कळू दे.

तू पाचवीत असताना वाचनालयातून आणलेलं पुस्तक पंधरा पानांत आवडलं नाही तर दुसऱ्याच दिवशी परत द्यायचीस. बाई रागवायच्या, रोज रोज नोंद कोण करणार म्हणून. तू म्हणायचीस, "मग न आवडलेलं कशाला वाचू?" ती मुलगी कुठे गेली? सराफ्यात नेलं की आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचीस, सगळीकडे डोकावायचीस आणि शेवटी नुसतं गराडू खाऊन घरी. पोट भरलं का विचारलं की मान डोलवायचीस. तुला निवडता यायचं, मनू.

आता स्टीमवर, त्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, तुझे किती खेळ पडले आहेत ते मी मोजणार नाही. एक कर. 'आत्ता' नावाचं कलेक्शन बनव आणि त्यात दोनच खेळ ठेव, एक लांबचा, एक छोटा. बाकीचे लपवून टाक, लपवलेले कुठे जात नाहीत. त्यांची देणी लागत असल्यासारखं त्या यादीकडे बघू नकोस. सेलमध्ये घेतले, पैसे गेले, झालं.

तुझे आठवड्याचे खरे मोकळे तास चार: शनिवारी दोन आणि मधल्या दोन दिवशी एकेक. विकत घेण्याआधी हाउ लाँग टू बीटवर खेळाची लांबी बघ. तिथे नुसती कथा, कथेसोबत इतर कामं आणि सगळं पूर्ण, असे वेगवेगळे आकडे असतात. तू पहिलाच बघ. 'विचर ३' ची नुसती कथा पन्नासेक तासांची, म्हणजे तुझे तीन महिने. वाईट नाही, पण एका वेळी असा एकच. 'फायरवॉच' चारेक तासांत संपतो, एका आठवड्याचा खेळ. 'अ शॉर्ट हाइक' तर एका शनिवारी दुपारी चढून उतरता येतो. आणि तुझ्याच पुण्यात बनलेला 'राजी' आहे, २०२० सालचा, तोही फार लांब नाही. देवळं, नक्षी, कठपुतळ्यांच्या सावल्या, तुझ्या डोळ्यांना आवडेल असं खूप आहे त्यात. मारामारी थोडी अडखळते, सोपी पातळी धर.

सोप्या पातळीवरून आठवलं. 'हेडीज'मध्ये गॉड मोड चालू केला की सुरुवातीलाच २० टक्के कमी मार लागतो आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्के आणखी, ८० पर्यंत. 'सेलेस्ट'च्या असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग थेट निम्म्यावर आणता येतो. बनवणाऱ्यांनी हे वापरण्यासाठीच दिलं आहे. ऑफिसातल्या मुलांपुढे सांगायची लाज वाटते असं तू म्हणाली होतीस. त्यांना सांगायचं कशाला? दमून आलेल्या माणसाने रात्री अकराला त्याच राक्षसाकडून चाळीस वेळा मरायचं आणि मग 'अजून एकदाच' करत दीड वाजवायचा... पुन्हा तेच लिहिलं मी. खोडत नाही, असू दे.

स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. हे दोन तास नीट वापर. मेनूत उघडा ठेवून जेवायला गेलीस तरी घड्याळ चालूच राहतं, म्हणून पावणेदोन तासांना निर्णय घे. सुरुवातीचा वेळ सेटिंगला दे: अक्षरं मोठी, उपशीर्षकं चालू, मोशन ब्लर आणि मान हलवणारा कॅमेरा बंद. तुला मानपूरच्या घाटात मळमळतं तसंच पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळांत होतं, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा आवाका, थोडा वाढवला की अनेकांना बरं वाटतं. वाढवूनही डोकं जड झालं तर खेळ परत कर, सवय होईल म्हणून रेटू नकोस.

आणि दोन तासांत हेही बघ की सेव्ह कुठे होतो. हवं तिथे करता येतो, की ठरावीक जागीच? ठरावीक जागी असेल तर दोन जागांमध्ये किती वेळ जातो ते घड्याळावर मोज. दहा मिनिटं असतील तर कामाच्या दिवशी चालेल, चाळीस असतील तर तो शनिवारचा खेळ. 'एल्डन रिंग'सारख्या खेळात तर नेहमीसारखा पॉजही नाही. झोपायची वेळ टळते ती बहुतेक अशीच, खेळ फार आवडतो म्हणून नाही, थांबायला जागा मिळत नाही म्हणून. 'आउटर वाइल्ड्स' यासाठी मला फार आवडतो. बावीस मिनिटांची एक फेरी, कळलेलं सगळं यानातल्या नोंदवहीत राहतं, आणि एका संध्याकाळी एक-दोन फेऱ्या पुष्कळ होतात. फक्त त्याबद्दल कुठे वाचू नकोस. त्यात मिळवायचं ते ज्ञानच, आणि ते आयतं मिळालं तर मागे काही उरत नाही. बाकी खेळांत वीस मिनिटं अडकलीस की खुशाल उत्तर बघ.

खेळ बंद करताना वहीत तीन ओळी लिही: कुठे आहे, काय करत होते, कुठलं बटण कशाचं. तीन आठवड्यांनी परत आलं की हात विसरलेले असतात, माणूस कंटाळून पहिल्यापासून सुरू करतं, आणि मग पहिले पाच तास चार वेळा खेळून होतात, पुढचं कधीच नाही. तुझं त्या जपानी खेळाचं तेच झालं आहे ना? आणि आवडत नसेल तर तीन ओळीही लिहू नकोस. काढून टाक.

लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, खालची हवा अडते, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि तुला वाटतं खेळ बिघडला. फ्रेम सेकंदाला ४० वर बांधून घे, पंखा शांत होईल.

फार उपदेश झाला. तुला एवढं सगळं माहीत आहे, यातलं निम्मं तूच मला शिकवलंस. माफ कर. स्टेशनवरचंही माफ कर. तू एकटी त्या शहरात राहतेस, भाडं भरतेस, आजारी पडलीस तरी आम्हाला दोन दिवसांनी सांगतेस, आणि इथे रात्री जाग आली की मी घड्याळ बघते. दीड असला की उठून बसते. हे सांगायचं नव्हतं.

आपलं 'स्टार्ड्यू व्हॅली' खेळातलं शेत तुझ्या लॅपटॉपवर आहे, त्यामुळे तू उघडल्याशिवाय मला आत येता येत नाही. पण तिथे काही बिघडत नाही, आपण नसताना दिवस पुढे सरकत नाही. वसंतातल्या चौदाव्या दिवसाची सकाळ आहे. अंड्यांच्या सणातून घेतलेल्या स्ट्रॉबेरीच्या बिया दाराजवळच्या पेटीत आहेत. आदल्या दिवशीच लावायला हव्या होत्या म्हणून तू हळहळलीस, पण मी मोजून पाहिलं. आठ दिवसांनी पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी. चौदाव्याला लावल्या तर बावीस आणि सव्वीस. सोळाव्याला लावल्या तरी चोवीस आणि अठ्ठावीस, दोन तोडे मिळतातच. एखाद्या दिवशी पाणी चुकलं तर रोप मरत नाही, तेवढ्या दिवशी वाढत नाही.

शनिवारी सकाळी दहाला येशील का? साडेअकराला नानांचं जेवण वाढायचं असतं, तोवर मी मोकळी आहे.

तुझी
आई

ता. क. निळा स्वेटर इथेच राहिला. आत्या दसऱ्याला पुण्याला येणार आहे, तिच्याबरोबर पाठवते.