कॅमेरा दोनवर थांबायला हवं होतं

माहीम, मुंबई
१४ जुलै

प्रिय पक्या,

परवा तुझा फोन उचलला नाही म्हणून फुगून बसू नकोस. खरं सांगतो, मी बुलेटिन चालवत होतो. नोकरी सोडून सहा वर्षं झाली तरी!

भाच्याने लॅपटॉपवर एक गेम टाकून दिलाय, ‘नॉट फॉर ब्रॉडकास्ट’. ब्रिटनमधल्या एका छोट्या चमूने केलेला; पूर्ण रूपात २०२२ साली आला. ‘मामा, हे तर तुझंच काम,’ म्हणाला कार्टा. काल्पनिक देश, ऐंशीचं दशक. तू चॅनेलमधला झाडूवाला. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री मिक्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं बदलणारा माणूस पळून जातो आणि फोनवरून सांगतो, बस माझ्या खुर्चीत. बसलास की समोर चार छोटे पडदे, कुठला हवेत जाणार ते तू ठरवायचं. शिवी आली की बीप, मध्येच सिग्नल बिघडला की तो सावरायचा, ब्रेकला कुठली जाहिरात लावायची तेही तूच. प्रक्षेपण किंचित उशिराने जातं, तेवढ्यात बोट चाललं पाहिजे. पहिल्या रात्री माझी शिवी सुटली आणि तिच्यानंतरचा सभ्य शब्द बीप झाला. तू असतास तर टॉकबॅकवर, कानातल्या त्या हेडफोनमधून, माझा उद्धार केला असतास.

आणि हे कार्टून नाही बरं का. खरे नट, खरं चित्रीकरण, तेही ४२ तासांहून जास्त. त्याची गिनीज बुकात नोंद आहे. विनोद अधूनमधून फारच आरडाओरडा करतो, पण आपल्या प्राइम टाइमच्या चर्चा आठव, मग तोही संयमी वाटेल.

निवडून आलेलं सरकार हळूहळू पाय पसरतं. मला वाटलं होतं, वरून हुकूम येईल आणि मी बाणेदारपणे तो मोडेन. हुकूम येतातही. पण त्यांच्या आधीच मला पकडलं ते प्रेक्षकांच्या आकड्याने. एका चौकटीवर जास्त रेंगाळलं की लोक कंटाळतात. मंत्री ओरडतोय, त्याच्यावर राहिलं की आकडा खूश. कोपऱ्यातला कुणी सावकाश काही सांगतोय, त्याच्यावर राहिलं की आकडा घसरला. तीन रात्री खेळलो आणि लक्षात आलं, सरकारला मी जड गेलोच नव्हतो. मी आपला लय सांभाळत होतो.

मग ती मिठीकाठची बाई आठवली. तुला आठवते का माहीत नाही, त्या दिवशी तू रनडाऊनमध्ये, बातम्यांच्या क्रमाच्या यादीत, बुडाला होतास. गुडघाभर पाणी, आपला पोरगा बूम माइक घेऊन उभा, आणि ती डोक्यावर प्लास्टिकचं घमेलं धरून नालेसफाईबद्दल बोलत होती. तारखेसकट. कधी गाळ काढला, कधी काढल्यासारखं केलं, कडेला टाकलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत कसा गेला. वाक्यं लांब, मध्येच ‘थांबा, सांगते’. कंत्राटदाराचं नाव ओठांवर आलं होतं बहुतेक. मी तिच्यावरून वाइड शॉटला गेलो, मग स्टुडिओत. कुणी सांगितलं नव्हतं, पक्या. तू नाही, डेस्क नाही. बाइट लांबतोय असं माझ्या बोटाला वाटलं, इतकंच. घमेल्यात तिच्या पोराची वह्या-पुस्तकं होती, ते मात्र मला अजून दिसतं.

तुला वाटेल, आता हा सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडणार. तेही जमत नाही. २००८चा नोव्हेंबर आपण दोघांनी त्याच पीसीआरमध्ये, चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये, काढला. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरत होते आणि सगळी चॅनेलं लाइव्ह. आपणही. तेव्हा कट मारायला हवा होता आणि आपण चिकटून राहिलो, कारण आकडा चढत होता. पुढे २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडसावलं, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमानेच बंद झालं. कमांडोंवर थांबलो आणि बाईवरून हललो. बोट तेच, कारणही तेच. या गेमने हेच नेमकं पकडलंय, म्हणून तो उत्तम वाटला आणि रागही आला.

कालपासून मी मुद्दाम वाईट खेळतोय. सावकाश बोलणाऱ्यावर थांबतो. धडाधड नापास होतोय. भाचा म्हणतो, ‘मामा, तुला येत नाही.’

गणपतीला येतोयस ना? आईने विचारलंय, उकडीचे किती करायचे. तू मिक्सरवर बस, बीप मी दाबतो. आणि ते जुनं बुलेटिन तुझ्या हार्डडिस्कवर असेल तर घेऊन ये. ती बाई कॅमेरा दोनवर आहे.

तुझा,
दिल्या