पहिल्याच फायलीत कागद पक्का द्या: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

व्हिसा द्यायचा की नाही, हा ज्या त्या देशाचा अधिकार. कुणाचा नकार तुम्ही फिरवून द्यावा, अशी मागणी या पत्रात नाही. मी लातूरला वकिली करतो. मुलांना परदेशी शिक्षणाचा व्हिसा नाकारल्याचे पत्र घेऊन पालक येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, "साहेब, अपील कुठं टाकायचं?"

१९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू होईपर्यंत हायकोर्टासाठी मुंबई गाठणारा हा भाग. लांबचे कोर्ट काय असते, हे आम्हाला सांगायला नको. पण इथे तर कोर्टच दुसऱ्या देशात. कॅनडाने इथून केलेला अर्ज नाकारला, तर ६० दिवसांत तिथल्या फेडरल कोर्टात जायचे. आधी परवानगी, मग सुनावणी. आणि जिंकलो तरी कोर्ट व्हिसा देत नाही, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत पाठवते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी न्यायाधिकरण नाहीच. २८ दिवसांत ८० पौंड भरून प्रशासकीय फेरतपासणी मागायची. न्यायाधिकरण आहे ते मुख्यतः कुटुंबाच्या प्रकरणांसाठी, मानवी हक्कांच्या मुद्द्यावर. जर्मनीने तर वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचे प्रशासकीय न्यायालय. एजंट अर्थातच नवा अर्ज भरायला सांगतो. त्याची फी पुन्हा निघते.

खरी गोम पुढेच आहे. कॅनडा आणि ब्रिटनच्या या वाटांवर सहसा नवा पुरावा चालत नाही. पहिल्या फायलीत जे होते, त्यावरच निकाल. आणि खर्चाचा पैसा कुठून येणार, हे दाखवणारी आमची पहिली फाईलच कच्ची असते.

चांगला दर मिळावा म्हणून सोयाबीन घरात थांबते आणि मग एकदम मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाते. खात्यात एका दिवसात मोठी रक्कम दिसते. पुरावा काय, तर अडत्याने दिलेली विक्रीची पट्टी: हाताने लिहिलेले क्विंटल, भाव, हमाली-तोलाई वजा, खाली गिचमिड सही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, म्हणून अनेकांकडे रिटर्नही नाही. वर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जो बऱ्याचदा फी सवलतीसाठी काढलेला आणि म्हणून आकडा जमेल तितका खाली ठेवलेला (हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी बोलत नाही). दाखला एक सांगतो, पासबुक दुसरेच. हा पैसा आला कुठून, असे व्हिसा अधिकाऱ्याने विचारले तर मी त्याला दोष देत नाही.

म्हणून राज्याच्या महसूल खात्याशी बोलून दाखल्याचा एक नमुना ठरवा: जमिनीचा गट नंबर, पीक, बाजार समितीत झालेली विक्री आणि रक्कम, मराठी-इंग्रजीत, तहसीलदाराच्या सहीशिक्क्याचा. तो काय आहे, हे दिल्लीतल्या वकिलातींना तुमच्या मंत्रालयाने कळवावे. ते काम तुमच्याशिवाय दुसरे कुणी करू शकत नाही. आणि पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांत नकारानंतर कोणत्या देशात किती दिवसांत कुठे दाद मागायची, याचा मराठी फलक लावा. मुदत टळल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही उरत नाही.

नमुना ठरवायला बसाल तेव्हा कळवा. नावे झाकून मोंढ्यातल्या पट्ट्यांच्या प्रती पाठवतो.

आपला,
लातूरचा एक वकील