सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या आधी वाड्याची चौकशी करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

काम संपल्यावर आपल्या सॉफ्टवेअर कंपनीकडून एक प्रश्नावली आली आणि समाधानाच्या पाच ताऱ्यांपैकी किती द्याल, एवढेच तिच्यात विचारले होते. मी पाचही दिले. परंतु सांगायचे होते ते त्या चौकटीत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपले नाव जाहीर करण्याची परवानगी मी घेतलेली नाही, तेव्हा ते येथे टाळते.

वाईतला तो दोन चौकी वाडा आपण प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तरी त्याच्या मागल्या चौकातली भिंत कुठे किती कलली होती, हे आज आपल्याइतके फारच थोड्यांना ठाऊक असेल. घरात वाटण्या झाल्या होत्या, विकसकाशी करार झाला होता आणि पावसाळ्यापूर्वी वाडा उतरवायचा हेही ठरले होते. प्राचीन स्मारकांविषयीचा राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंना कवच देतो. लोकांच्या राहत्या वाड्यांपैकी बहुतेक त्या यादीत नसतात, तसा हाही नव्हता. त्यामुळे तुळया निघण्याआधी आम्ही जे मोजून घेऊ तेवढेच मागे उरणार होते, आणि नेमके तेव्हाच आमचे सॉफ्टवेअर सुरू होईना.

टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, टिपलेला प्रत्येक बिंदू थेट कॅडच्या, म्हणजे संगणकावर रेखाटन करण्याच्या सॉफ्टवेअरच्या, नकाशात आणून बसवणारे आपले सॉफ्टवेअर आम्ही कायमच्या परवान्यावर घेतले होते. पण ते स्वतंत्रपणे चालत नाही, कॅडच्या आत चालते. आणि २०१६ च्या सुमारास कॅडच्या व्यवहारात कायमचे परवाने मागे पडून वार्षिक वर्गणी रूढ झाल्यापासून आमच्यासारखी छोटी कार्यालये कॅड वर्षावर्षाच्या बोलीने वापरतात. संगणकावर कॅडची नवी आवृत्ती आली, तिने जुन्या जोडणीला ओळख दिली नाही, आणि आमचा कायमचा परवाना भाड्याच्या जागेत स्वखर्चाने बांधलेल्या खोलीसारखा होऊन बसला.

ज्या विक्रेत्याकडून हे सॉफ्टवेअर घेतले, त्यांचे दार आम्ही आधी ठोठावले होते. मधल्या वर्षांचा देखभाल करार थकला असल्याने त्या सगळ्या वर्षांचे पैसे एकरकमी भरल्याशिवाय अडचण ऐकूनही घेतली जाणार नाही, असे तेथे सांगण्यात आले. प्रत्येक फोनला नवा तिकीट क्रमांक मिळत गेला, माणूस मात्र मिळाला नाही. शेवटी एकाने मोठ्या आत्मविश्वासाने सुचवले, की रेषा तिरक्या येत असतील तर एफ-८ ही कळ दाबा, सगळ्या काटकोनात येतील! रेषा तिरक्या येणे ही आमची तक्रारच नव्हती. मातीच्या भिंती पायथ्याशी जाड आणि वर निमुळत्या असतात, खांब दोन शतकांच्या भाराने ओळंब्यातून सुटलेले असतात, आणि मागाहून वाढवलेला खण मूळ सोप्याशी कधीच नीट काटकोनात बसत नाही. वाडा कसा वाढला, पाया कोठे खचला आणि ओझे कोणत्या तुळईवर आले, हे त्या वाकडेपणातूनच वाचता येते. तो पुसून काढलेला नकाशा दिसायला नीटनेटका असेल, पण तो त्या वाड्याचा नसेल.

अशा मनःस्थितीत मी आपल्या मुख्य कार्यालयाला फोन केला, तो आपण घेतलात. परवाना क्रमांक, खरेदीची पावती, कराराची मुदत ही सगळी उत्तरे मी समोर कागदावर लिहून ठेवली होती. आपण त्यातले काहीही विचारले नाही. आपण विचारलेत, "वाडा कधीपासून उतरवायला घेणार आहेत?" मी सांगितले. मग आपण विचारलेत, "आधी कुठली बाजू निघणार?" मागल्या चौकाचे माळवद, असे मी म्हणाले, तेव्हा आपण शांतपणे म्हणालात, "मग उद्या सकाळी तेच मोजायला घ्या. परवान्याचे मी बघते."

ताई, या चार वाक्यांसाठी हे पत्र आहे. तात्पुरता परवाना त्याच संध्याकाळी आला आणि त्यामुळे काम सुरू झाले, हे खरेच. परंतु तो आला नसता तरी मी आपली ऋणी राहिले असते. तोवर ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाच्या दृष्टीने मी मुदत संपलेली एक ग्राहक होते. या साऱ्या खटाटोपाच्या पलीकडच्या टोकाला एक पडू घातलेली इमारत उभी आहे, हे लक्षात घेणाऱ्या पहिल्या आपण. त्या परवान्यासाठी आपल्याला आपल्या वरिष्ठांशी काय बोलावे लागले, हे मी विचारले नाही आणि आपणही सांगितले नाही.

पुढेही आपण तशाच वागलात. वरच्या मजल्याची तक्तपोशी कुजलेली आहे हे कळताच "वर कोणीही चढू नका, तेवढे फोटोंवरून करू" असे आपण बजावलेत. अल्ब्रेख्त मायडेनबावर हा जर्मन वास्तुशास्त्रज्ञ १८५८ मध्ये वेत्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि त्यानंतर छायाचित्रांवरून इमारत मोजण्याच्या मागे लागला, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. तरी त्या दिवशी घाईत आमच्यातला एक जण जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पोचलाच होता.

परवान्यांचे पर्याय सांगतानाही आपण विक्रेत्याच्या भाषेत बोलला नाहीत. दोन माणसांच्या कार्यालयाने अनेकांत फिरवता येणारा महागडा परवाना घेण्याचे कारण नाही. वर्षातून दोन-तीनच वास्तूंची नोंद करायची असेल तर अल्पमुदतीचा परवाना परवडतो. आणि बिंदुमेघ, म्हणजे वास्तूच्या मोजलेल्या असंख्य बिंदूंचे संच, नुसते तपासायचे, एकमेकांशी जुळवायचे असतील तर क्लाउडकम्पेअर हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर पुरेसे आहे, असे आपण स्वच्छ सांगितलेत. या शेवटच्या सल्ल्यातून आपल्या कंपनीला एक रुपयाही मिळणार नव्हता. शिवाय मूळ मोजणी ई-५७ आणि डीएक्सएफ या स्वरूपांतही जपून ठेवायला लावलीत, म्हणजे उद्या आपलेच सॉफ्टवेअर आम्ही सोडले तरी वाड्याची नोंद उघडता येईल. ग्राहकाला निघून जाण्याचा रस्ताही दाखवून ठेवणारी माणसे कोणत्याच व्यवसायात फारशी भेटत नाहीत. किराणा दुकानदार असो वा डॉक्टर, जो आपल्या गरजेपेक्षा जास्त काही गळ्यात मारत नाही त्याच्याकडेच आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो, आणि आम्ही देखभाल करार पुन्हा सुरू केला तो याच हिशेबाने. थकलेल्या वर्षांचे ओझे त्यात नव्हते, हेही येथे नोंदवते.

मोजणीचा पूर्ण संच आता तयार आहे. त्याची एक प्रत वाड्याच्या मालकांना आणि एक आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देणार आहोत. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणी आणि रेखाटन करणाऱ्यांची नावे असतात. तेथे 'तांत्रिक साहाय्य' या ओळीसमोर कंपनीच्या नावाऐवजी आपले नाव लिहावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. आपली हरकत नसेल तर नाव कसे लिहायचे, तेवढे कृपया कळवावे. छपाई त्यासाठीच थांबवली आहे.

आपली कृतज्ञ,
एक संवर्धन वास्तुविशारद