माणगावच्या वीराचं इटलीतलं घड्याळ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मुंबई-गोवा हायवेवर माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकला नाही असा चाकरमानी सापडायचा नाही, पण याच माणगाव तालुक्यातल्या एका जवानासाठी इटलीतल्या लोकांनी चक्क सूर्यघड्याळ बसवलंय हे किती जणांना माहितीये? नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे, पळसगाव-आमडोशीचे. आणि ते इटलीतलं गाव म्हणजे मोंतोने, पेरुजाकडचं डोंगरावरचं छोटंसं गाव. जुलै 2023 मध्ये तिथल्या नगरपालिकेने आणि लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून हे स्मारक केलं, त्यावर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

दुसऱ्या महायुद्धात 10 जुलै 1944 ला इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तेव्हाच्या ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी जर्मन मोर्चावर चालून गेली, घाडगेंच्या सेक्शनवर (छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे एकतर मेले नाहीतर जखमी झाले. सोबत येणारं कुणी उरलं नाही हे कळत असून हा माणूस एकटा धावत सुटला, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले, तिसऱ्याला... सॉरी, दुसऱ्याला टॉमीगनने मारला, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, जिंकलेल्या मोर्चातच गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. कबर सापडत नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं की ते तर इंग्रजांसाठी लढले. अहो, पण ज्यांच्या दारातून जर्मन फौजा गेल्या त्यांना हा हिशोब सुचला नाही ना, आणि तेही जवळपास 80 वर्षांनी, साक्षीदार फारसे उरले नसताना! मला तर ही भेट मेडलपेक्षा भारी वाटते, मेडल सरकार देतं, घड्याळ गावाने दिलंय.

माणगावात त्यांचा पुतळा आहे, नाही असं नाही. पण हायवेवर गणपतीत तासन्‌तास गाड्या उभ्या असतात तिथे मराठीत एक मोठा बोर्ड लावा ना, 10 जुलैची हकीकत आणि त्या घड्याळाचा फोटो, लोकांना वाचायला वेळच वेळ असतो! आणि आपल्या टूरवाल्यांनाही सांगणं आहे, रोम ते फ्लॉरेन्स बस नेता तर वाटेत थोडी वाकडी वाट करून मोंतोने दाखवा, पिसाचा मनोरा ढकलतानाचे फोटो सगळ्यांकडे आहेत आता. तुमच्या पेपरनेही दरवर्षी 10 जुलैला चार ओळी छापाव्यात ही विनंती.

आपला,
रायगडचा एक वाचक