मेसची वही आणि शनिवारची बैठक

प्रिय करुणा,

प्रभु येशूच्या नावात तुला आशीर्वाद.

दुसऱ्या वर्षाला जाताच तुला मेस सेक्रेटरी निवडलं, शिवाय विकेंड मिनिस्ट्रीच्या, म्हणजे शनिवार-रविवारी मंडळ्यांमध्ये सेवेला जाणाऱ्या, एका गटाची जबाबदारीही दिली, हे वाचून आईला आणि मला फार आनंद झाला. पण तू पुढे लिहितेस की मेसच्या कामात अभ्यासाचा वेळ जातो, आणि नेतृत्व शिकायचं तर ते लीडरशिपच्या पेपरमध्ये. हे मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझी बी.डी., ही धर्मशास्त्राची पदवी, सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची. कोलकात्याजवळ हुगळीकाठी ते कॉलेज १८१८ मध्ये निघालं, पण त्याची घडी बसली ती त्याआधी अठरा वर्षं. जानेवारी १८०० मध्ये इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम केरी, मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे साथीदार बायकामुलांसह एकत्र राहू लागले, तेव्हा त्यांनी घरासाठी काही नियम ठरवले. कोणी स्वतःपुरता धंदा करायचा नाही. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने. घराचा कारभार एकाने एक महिना बघायचा, मग दुसऱ्याने. केरी खजिनदार, औषधांची पेटीही त्याच्याकडेच, ग्रंथालय दुसऱ्याकडे. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवायला राखून ठेवलेली. पुढे १८०५ मध्ये त्यांनी आपला करार लिहून काढला आणि तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीन वेळा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मोठ्याने वाचायचा असं ठरवलं. त्याच वर्षी केरीचं मराठी व्याकरण छापून निघालं. एवढं विद्येचं काम चालू असलेल्या घरात महिन्याचा कारभारी मात्र पाळीपाळीने बदलत होता, हे लक्षात घे.

पाळी फिरती ठेवण्याचा फायदा उघड आहे. ज्याने स्वतः महिनाभर साठ माणसांचं जेवण सांभाळलं, तो पुढच्या महिन्यात तक्रार करतो तेव्हा नेमकं कुठे चुकलं ते सांगतो. ज्याने कधीच सांभाळलं नाही, तो नुसता "मेस बेकार आहे" म्हणतो. म्हणून तुझ्या कमिटीत खरेदी, कोठार आणि हजेरी अशी तीन कामं वेगळी कर आणि दर महिन्याला माणसं बदल. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही घे. हे मुद्दाम सांगतो, कारण सेरामपूरचं पुढे इथेच बिनसलं. तिघा संस्थापकांचा एकमेकांवर जो विश्वास होता, त्यात इंग्लंडहून नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांना जागा मिळाली नाही. ते वेगळे होऊन कोलकात्यात राहिले. मालमत्ता कोणाच्या ताब्यात असावी यावरून वाद वाढत गेला आणि १८२७ मध्ये सेरामपूर त्यांना पाठवणाऱ्या मूळ मिशन सोसायटीपासूनही तुटलं. माणसं थोर होती, तरी हे झालं.

आता तुझ्या भाताच्या तक्रारीकडे येतो. नागालँड-मिझोरामची मुलं म्हणतात भात पुरत नाही. आचारी मामा म्हणतात रोज अन्न उरतं. दोघंही खरं बोलतायत. हिशेब करून बघ. साठ जणांना माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ धरला तर ४.८ किलो होतो. पण सगळे सारखं खात नाहीत. समजा पंचवीस जण मुख्यतः भातावर आहेत, त्यांना माणशी दीडशे ग्रॅम लागतो, म्हणजे ३.७५ किलो. उरलेले पस्तीस चपातीवाले, त्यांना साठ ग्रॅम पुरे, म्हणजे २.१ किलो. एकूण ५.८५ किलो. रोज किलोभर तांदूळ कमी पडतो, आणि तो कमी पडतो रांगेत शेवटी येणाऱ्याला, म्हणजे ज्याचा तास उशिरा सुटतो त्याला. त्याच वेळी माणशी तीनच्या हिशेबाने १८० चपात्या लाटल्या जातात. भात खाणारे एकेकच घेतात, म्हणून पन्नास चपात्या उरतात. चपातीला तीस ग्रॅम कणीक धरली तर दीड किलो कणीक वाया जाते. सरासरीवर शिजवलं की असं होतं. आठवडाभर रोज रात्री उरलेला भात आणि चपात्या वेगवेगळ्या तोलून वहीत लिही. सात दिवसांचे आकडे हातात असले की वॉर्डन मॅडमशी बोलताना आवाज चढवावा लागणार नाही.

शनिवार-रविवारचं वेगळं गणित आहे. पाच-पाच जणांचे तीन गट बाहेर गेले तर शनिवारचं रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून ४५ ताटं कमी लागतात. जाणाऱ्यांची नावं गुरुवारी रात्रीपर्यंत मेसच्या फळ्यावर आली पाहिजेत, कारण शुक्रवारी भाजी येते. नाव न लिहिता गेलेल्याला दंड लावू नकोस. पुढच्या आठवड्यात फळ्याचं काम त्यालाच दे.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, पुन्हा वाच, आणि या वेळी मेस सेक्रेटरी म्हणून वाच. पहिल्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, पहिलं भांडण रोजच्या अन्नवाटपावरून झालं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, आणि वाटप स्वतःच्या हातातही घेतलं नाही. त्यांनी लोकांनाच सात जण निवडायला सांगितलं. निवडलेल्यांची नावं बघ: स्तेफन, फिलिप्प, निकलाव... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. तूही भात खाणाऱ्यांपैकी दोघांना कमिटीत घे आणि आठवड्यातल्या दोन दिवसांचा मेनू त्यांच्यावर सोपव. त्या दिवशी मसाला कमी असेल, उकडलेली पालेभाजी असेल, तर आपली मराठी मुलं कुरकुर करतील. ती तक्रारही वहीत लिही. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या ताटाच्या माणसाबरोबर देवाचं काम कसं करायचं, हे तुला तिथे कळेल तितकं कुठल्याच पेपरात कळणार नाही.

पैशाच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. मेसची रोकड आणि तुझी पर्स कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, एका तासापुरतीसुद्धा. प्रत्येक खरेदीची पावती त्याच दिवशी चिकटव. भाजीवाला पावती देत नसेल तर कागदावर वजन, दर, तारीख लिहून बरोबर गेलेल्याची सही घे. बाजाराला नेहमी दोघांनी जावं. महिनाअखेरीला कोठारातलं धान्य प्रत्यक्ष तोलायचं: सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी, वजा रोज काढलेलं, आणि उरेल ते तराजूवर दिसलं पाहिजे. दोन किलो तूर डाळ कमी भरली तर तसंच लिही, "तफावत २ किलो". आकडा जुळवायला मागच्या तारखांमध्ये खाडाखोड करायची नाही. मंडळ्यांमध्ये खजिनदार बदनाम होतात, त्यातले बरेच चोर नसतात. लाज वाटून त्यांनी पहिली तफावत झाकलेली असते आणि मग दरमहा झाकत जावं लागतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी दान गोळा झालं, तेव्हा प्रेषित पौलाने ते एकट्याने नेलं नाही. आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ पाठवला आणि कारणही लिहिलं: प्रभूपुढेच नाही, माणसांपुढेही नीट दिसलं पाहिजे. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय.

विकेंडच्या गटाबद्दल. सोमवारी मंडळीच्या सेक्रेटरींना फोन करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या: संडे स्कूलला मुलं किती, कोणाच्या घरी आजारपण किंवा दुःख आहे, लोकांना 'उपासना संगीता'तली कोणती गीतं पाठ आहेत, आणि प्रभुभोजन आहे का. असेल तर दीक्षित पाळक येणार याची खात्री करून घे, ते तुमचं काम नाही. मंगळवारी कामं वाटून दे. वाटताना ज्याला जे उत्तम येतं तेच दर वेळी त्याला देऊ नकोस. पेटी वाजवणारा वर्षभर पेटीच वाजवत राहिला तर पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा त्याला आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करता येणार नाही. शुक्रवारी संदेश, म्हणजे प्रवचन, देणाऱ्याने तो गटापुढे उभं राहून पूर्ण द्यायचा. सोमवारी अर्धा तास आढावा घ्यायचा: काय साधलं, काय नाही, पुढच्या वेळी कोण काय करणार.

त्या आढाव्यात चूक सांगायची रीत आधी ठरवून घ्या. प्रेषितांच्या काळातला अपुल्लोस उत्तम वक्ता होता, पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात उठून टोकलं नाही. आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. शास्त्राचा अर्थ चुकला असेल तर एकट्याला सांग. वेळ वाढली, आवाज पोहोचला नाही, ते सगळ्यांपुढे चालेल. आणि तुझ्या स्वतःच्या संदेशावर बोलायला पहिल्या वर्षाच्या मुलीला आधी सांग. सगळ्यांत मोठा माणूस आधी बोलला की लहान गप्प बसतात.

तुझ्या संदेशांचा आराखडा तू पाठवलास तो वाचला. अभ्यास चांगला आहे, पण त्यात तीन संदेश आहेत. मिनिटाला शंभरएक शब्द बोलले जातात, म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार. त्यात एकच गोष्ट नीट बसते. तू इंग्रजी भाष्यं वाचून इंग्रजीत मुद्दे काढतेस आणि शनिवारी रात्री त्यांचं मराठी करतेस. मग वाक्यं लांबतात, "ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तात्मक कार्याची परिपूर्णता" असलं काही येतं, आणि दौंडकडच्या मंडळीतल्या बाया मुलांना थोपटायला लागतात. उतारा आधी मराठीतच दहा वेळा मोठ्याने वाच. बायबल सोसायटीचं भाषांतर घे, शिवाय पंडिता रमाबाईंचंही घे. रमाबाईंनी मोठेपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल असं मराठी बायबल केलं, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती या संस्थेच्या छापखान्यात तिथल्याच मुलीबायकांनी ते काम उचललं. पुस्तकाबरोबर माणसं घडली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं काम पुढे नेणारी त्यांची मुलगी मनोरमा त्यांच्या आदल्याच वर्षी वारली होती. तरी मुक्ती आजही चालू आहे, कारण कामं पुष्कळांच्या हातात होती. भाष्य उघड ते उताऱ्याचं सार एका मराठी वाक्यात लिहून झाल्यावर. ते वाक्य लिहिता येत नसेल तर संदेश अजून तयार नाही.

ग्रीकची तुला भीती वाटते. मूळ ग्रीक नव्या करारात पन्नासपेक्षा जास्त वेळा येणारे शब्द सुमारे तीनशेच आहेत, आणि पानावरच्या पाच शब्दांपैकी चार त्यांतलेच असतात. रोज दहा नवे आणि मागचे वीस, असे साधारण महिनाभरात संपतात. सकाळी चॅपलच्या आधी वीस मिनिटं पुरतील. रविवारी रात्री दोन तास बसून होत नाही. सोमवारपर्यंत निम्मे विसरले जातात. रूपं पाठ करताना हाताने लिहून काढ.

मेसची वही पुढच्या सेक्रेटरीला देताना नुसत्या चाव्या देऊ नकोस. दोन पानी टिपण लिही: किराणा कुठून, उधारी किती दिवसांची, गॅसचा १९ किलोचा सिलिंडर सरासरी किती दिवस जातो, कोणत्या महिन्यात कांदा महागतो, आचारी मामांची सुट्टी कधी असते, कोणत्या तक्रारी अजून उभ्या आहेत. शेवटचा महिना नव्या मुलीला सोबत घेऊन काम कर, आणि शेवटच्या आठवड्यात तिला करू दे, तू फक्त वही तपास.

शनिवारी संध्याकाळी कमिटीची अर्ध्या तासाची बैठक सुरू करता आली तर बघ. त्यात हिशेब नको. कोणाचं कोणाशी काय बिनसलंय तेवढंच बोलायचं आणि एकत्र प्रार्थना करायची. वॉर्डन मॅडमना आधी विचार. तांदळाचे सात दिवसांचे आकडे मला पाठव, मी इथे तपासून देतो. आईने ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी कुरिअरने पाठवली आहे, खोलीतल्या मुलींना दे.

जय ख्रिस्त.

तुझे
बाबा