बनावट प्रत, गायब फर्मा आणि ‘टाइम लूप आहे ना, मॅडम?’

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: बनावट मांगा विकल्याबद्दल आणि त्यावर मिळालेल्या उत्तरांबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या प्रतिनिधीने आत्ता माझा फोन मध्येच ठेवला, म्हणून हे लिहिते आहे. ऑर्डरचा तपशील, फोटो, आधीचे तक्रार क्रमांक सगळं तुमच्याकडे आहे. कृपा करून फोटो पुन्हा मागू नका.

तुमच्या संकेतस्थळावरून मी ‘ऑल यू नीड इज किल’ या मांगाची (जपानी चित्रकथेची), दोन्ही खंड एकत्र असलेली इंग्रजी आवृत्ती मागवली. तुमच्या पानावर ‘१००% ओरिजिनल’ असं लिहिलं होतं. आली ती बनावट प्रत. कागद इतका पातळ की पलीकडच्या पानावरची चित्रं अलीकडे दिसतात. मुखपृष्ठावरची अक्षरं कडेला फुटलेली. आतल्या बाजूचा समास बांधणीने गिळल्यामुळे अर्धे संवाद शिवणीत गेलेत. चित्रं ताकेशी ओबाता यांची आहेत. चिलखतावरचा प्रत्येक सांधा, प्रत्येक ओरखडा रेखाटणारा हा माणूस, आणि तुमच्या प्रतीत त्यातल्या काळ्याचा राखाडी झालाय, बारीक छटांच्या जागी नुसते डाग आहेत. कुणीतरी खरी प्रत स्कॅन करून ती छापली आहे, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

एवढंच असतं तर मी रिफंड मागून गप्प बसले असते. पण शेवटाकडे एक अख्खा १६ पानी फर्मा (एकत्र बांधलेला पानांचा गठ्ठा) गायब आहे आणि त्याच्या जागी आधीचा एक फर्मा दुसऱ्यांदा बांधलाय. मैत्रिणीकडची खरी प्रत शेजारी ठेवून मी पान पान ताडून पाहिलंय. नायक केजी आणि त्याची सहकारी सैनिक रीटा कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर येतात आणि पान उलटलं की तळावरची मेस! मघाशी वाचलेलीच पानं, तेच चेहरे, तेच संवाद. मेस संपते तेव्हा लढाईही संपलेली असते. रीटा का मेली, कशी मेली, मरताना काय म्हणाली, काहीही नाही.

आता त्या फोनबद्दल. तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, ‘मॅडम, पुस्तक उजवीकडून डावीकडे आहे, ही तक्रार आहे का?’ मी म्हटलं, नाही, मांगा तसाच वाचतात, तक्रार पानांची आहे. मग त्याने मला थांबवून ठेवलं, बहुधा तुमच्याच पानावरचा सारांश वाचला, आणि परत येऊन म्हणाला, ‘मॅडम, ही टाइम लूपची स्टोरी आहे ना? मग पानं रिपीट होणारच.’ मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्याने तेच, जरा सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं. ‘हिरोला तोच दिवस परत परत येतो ना मॅडम, म्हणून तीच पानं परत दिली आहेत. तो कन्सेप्ट आहे.’ मी म्हटलं, अहो, तीच पानं जशीच्या तशी, आणि लढाईची पानं नाहीतच. त्यावर तो म्हणाला, ‘तुम्ही एकदा सुरुवातीपासून शांतपणे वाचून बघा, कळेल.’ वरिष्ठांना फोन द्या म्हटल्यावर, ‘रिटर्नची मुदत संपली आहे, याहून जास्त मदत करता येणार नाही,’ आणि फोन कट. मुदत संपली ती तुम्ही बदलून पाठवलेली प्रत येईपर्यंत. आणि त्या प्रतीतही तोच फर्मा गायब आहे, तेही तुम्हाला कळवलेलं आहे.

कन्सेप्ट मला शिकवू नका. मूळ कादंबरी हिरोशी साकुराझाका यांची, २००४ची. मांगा २०१४ साली ‘वीकली यंग जंप’मध्ये आला आणि १७ प्रकरणांत, दोन खंडांत संपला. त्यातली पुनरावृत्ती एकदाही जशीच्या तशी येत नाही. केजी कितव्यांदा जगतोय तो आकडा हातावर लिहितो, आणि दर वेळी त्याची नजर, त्याची चाल थोडी बदललेली असते. नवखा, भेदरलेला पोरगा हळूहळू रीटासारखा लढायला लागतो, ते या बारीक फरकांतूनच दिसतं. म्हणूनच तर ओबातांची चित्रं नीट छापलेली लागतात.

शेवट घाईचा आहे, हे मलाही मान्य आहे. पहिला खंड मरणं आणि शिकणं दाखवायला भरपूर जागा घेतो. मग रीटाचा भूतकाळ, शत्रूची काळ मागे नेण्याची यंत्रणा, दोघांची जवळीक आणि अखेरची लढाई हे सगळं उरलेल्या थोड्या प्रकरणांत कोंबलंय. पण त्या शेवटाने दोघांकडून मागितलंय केवढं मोठं! दोघंही त्या यंत्रणेचे, म्हणजे तिचे संदेश पकडणारे, ॲन्टेना झालेत, म्हणून दोघंही जिवंत असेपर्यंत हे चक्र थांबणार नाही. केजीने १६० वेळा तो काळ काढलाय. रीटाच्या वाट्याला त्याच्या ओळखीचा मोजून एक दिवस येतो, आणि त्या दिवसाच्या अखेरीस ती त्याच्यावर कुऱ्हाड उगारते. तिला आपल्यासारखा दुसरा माणूस पहिल्यांदाच भेटलाय आणि त्याच्याशीच तिला लढायचंय. याला आणखी एक खंड मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. हॉलिवूडने २०१४मध्येच मूळ कादंबरीवर सिनेमा काढला आणि दोघांनाही जिवंत ठेवलं. मांगाने तो सोपा रस्ता घेतला नाही, म्हणून मला तो जास्त प्रिय आहे.

अशा शेवटात एकेक चौकट मोलाची असते. जे सांगायचं ते त्या कुऱ्हाडींच्या घावांमध्येच, श्वास घ्यायच्या फटीत सांगितलंय. तिथली १६ पानं काढली तर गोष्टच उरत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटेल की लेखक-चित्रकारांनीच गुंडाळलं. तुमच्या त्या पानाखाली तसे अभिप्राय आलेही आहेत, ‘शेवट कळलाच नाही’, ‘मध्येच तुटल्यासारखं वाटतं’. त्या वाचकांनाही हीच प्रत मिळाली असणार. ओबातांच्या नावाला हा बट्टा तुमच्या विक्रेत्यामुळे लागतोय, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मुदतीचं कारण मला देऊ नका. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे माल सदोष किंवा बनावट असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, हेही त्यातच आहे. मला पोचसुद्धा मिळालेली नाही. आणि चोरून छापलेल्या प्रती विकणं हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. कॉलेजात असल्यापासून मी तुमच्याकडूनच पुस्तकं घेत आले. अप्पा बळवंत चौकात जे मिळायचं नाही ते तुम्ही घरपोच आणून द्यायचात, म्हणून जास्त लागलं.

माझे पूर्ण पैसे परत करा. दोन्ही प्रती तुमच्या खर्चाने घेऊन जा, आणि त्या पुन्हा कुणाला विकल्या जाणार नाहीत असं लेखी कळवा. या विक्रेत्याचे सगळे मांगा तपासून होईपर्यंत विक्रीतून काढा. आधी ज्यांनी ही प्रत घेतली त्यांना पानं गायब असल्याचं तुम्ही स्वतः कळवा. येत्या सोमवारपर्यंत पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. मैत्रिणीची खरी प्रत पुरावा म्हणून सोबत नेईन. आणि पुन्हा फोन केलात तर ज्याने निदान शेवटचं प्रकरण वाचलंय अशा माणसाला बोलायला द्या.

आपली ग्राहक,
पुणे