दारावरच्या पाटीतलं 'ॲड.'

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं खरं, पण बाबा फारसं बोलले नाहीत आणि आईने लगेच जेवणाचा विषय काढला. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात.

नोकरी मी घेतली आहे आणि रुजूही झाले आहे. विमा कंपनीच्या विधी आणि अनुपालन, म्हणजे कायदा आणि नियमपालन, विभागाची प्रमुख. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि तुमचा शब्द मोडून मला पुढे जाता आलं नसतं. कोर्ट सोडायचा विचार मात्र अचानक आलेला नाही. बरेच महिने मनात होता.

बाबा, तुम्हाला काय खुपतंय ते कळतं मला. सुधाआत्याच्या वेळचं, विम्याचा दावा नाकारल्याचं पत्र तुम्ही अजून हिरव्या फाईलमध्ये ठेवलं आहे. 'आता माझीच मुलगी तसली पत्रं लिहिणार' असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला ऐकू आलं. तसली पत्रं आता माझ्याच टेबलावरून जातील, हे खरं आहे आणि नोकरी मी त्यासाठीच घेतली. कोर्टात माणूस माझ्याकडे यायचा तो पत्र हातात पडल्यावर. मग ग्राहक आयोगात तक्रार लावा, तारखा घ्या, आणि निकाल येईपर्यंत ज्याच्या औषधासाठी भांडतोय तो कधी कधी उरलेलाही नसायचा. इथे तो कागद बाहेर पडण्याआधी मला दिसतो.

परवाचीच गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. टीममधल्या एका हुशार मुलाने दावा नाकारण्याच्या पत्राचा मसुदा आणला. कारण एकच, मधुमेह लपवला. सोबत पॉलिसी घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म. सगळा मजकूर एजंटच्या झरझर इंग्रजीत, 'डायबेटिस' समोर 'नो', आणि खाली मराठीतली सही, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं. मी त्याला पॉलिसी कधीपासूनची आहे ते विचारलं. त्याने आमच्या कंपनीतली वर्षं मोजली होती. पण त्या गृहस्थांनी आधीच्या कंपनीतून पॉलिसी पोर्ट करून आणली होती, तीही वर्षं धरावी लागतात. सगळी मिळून साठ महिने कधीच उलटून गेले होते. साठ महिन्यांनंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती दडवली' म्हणून दावा नाकारता येत नाही. दावा मंजूर झाला. त्या मुलाला मी रागावले नाही, पण यापुढे प्रत्येक फाईलवर पहिल्या पॉलिसीची तारीख सगळ्यात वर लिहायची, असं सगळ्यांना सांगितलं.

आत्याची पॉलिसी सहाव्या वर्षात होती. तेव्हा ही मुदत आठ वर्षांची होती, 2024 मध्ये ती पाचावर आली. हे वाचून तुम्हाला त्रास होईल, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण नियम बदलतात आणि बदललेला नियम फाईलपर्यंत पोहोचवायला आत कोणीतरी लागतं, हे तुम्हाला मी दुसऱ्या कुठल्या उदाहरणाने सांगू? आता आरोग्य विम्याचा कुठलाही दावा एकट्या अधिकाऱ्याला नाकारता येत नाही, समितीची मंजुरी लागते, आणि पत्रात कुठल्या अटीखाली नाकारला ते नेमकं लिहावं लागतं. विमा नियामकाचं एकेक परिपत्रक निघालं की ते कोणी, कधीपर्यंत अमलात आणायचं हे ठरवणं आणि नाही झालं तर संचालक मंडळासमोर उभं राहून सांगणं, हे माझं काम. जाहिराती तपासणं, करार, कोर्टातल्या केसेस हेही आहेच, त्याने तुम्हाला कंटाळवत नाही.

काही दाव्यांना मी नाही म्हणेन, तेही आजच सांगून ठेवते. खोटी बिलं येतात, न झालेली ऑपरेशनं कागदावर होतात. हप्ते भरणाऱ्या सगळ्यांचा तो पैसा, हे तुमच्याकडूनच शिकले.

आता पाटीचं. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे वकिलीची सनद स्थगित करायचा अर्ज दिला आहे. स्थगित, बाबा, रद्द नाही. पुढे वाटलं तर पुन्हा सुरू करता येते. पण तोवर नावामागे 'ॲड.' लावणं बरोबर नाही. गिरगावातल्या आपल्या दारावर, मी तिथे राहत नसतानाही, तुम्ही माझ्या नावाची पितळी पाटी लावलीत आणि दर दसऱ्याला ती घासता. ती काढायला मी कशी सांगू? फक्त 'ॲड.'वर पट्टी लावा. नाहीतर राहू दे, मी येऊन लावते. तुम्ही स्टुलावर चढू नका.

आई, तुझी काळजी वेगळी आहे. हायकोर्टातून सुटले की मी तुझ्याकडे यायचे, चहा-पोहे व्हायचे, मग चर्नी रोडहून पार्ल्याची गाडी. ते आता रोज होणार नाही आणि मलाच त्याचं फार लागतंय. पण बीकेसीतल्या ऑफिसहून भुयारी मेट्रो थेट गिरगावात येते. बुधवारी संध्याकाळी मी येणार म्हणजे येणार. शनिवार तर आहेच. भाजी आणि तुझी औषधं खालच्या दुकानदाराला सांगून ठेवली आहेत, तो वर आणून देईल. जिना उतरायचा नाही.

काल रात्री झोप येईना. तुमच्या त्या परळच्या विमा ब्रँचमधल्या बाई आठवल्या, गिरणीकामगाराच्या घरच्या. रविवारी तुम्ही त्यांना घरी बोलावून दाव्याचा फॉर्म भरून दिलात. आईने त्यांना आधी जेवायला वाढलं. त्यांचा अंगठा उठवायला स्टॅम्प पॅड धरायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचा हात थरथरत होता, तुम्ही तो मनगटापाशी धरून हलकेच कागदावर टेकवलात आणि म्हणालात, "सावकाश, घाई नाही." नंतर माझ्या बोटांची शाई आईने लिंबू लावून काढली. बाबा, मला अजून तुमच्या शेजारी तसंच बसावंसं वाटतं. काम तुमचंच करते आहे हो मी.

आता ऐका दोघांनी. मेडिक्लेमचं कार्ड कपाटात नाही, फोनशेजारी लावून ठेवा. दाखल व्हायची वेळ आली, तर आधी मला फोन, मग बाकी कोणाला. कॅशलेसला एका तासात उत्तर द्यावं लागतं आणि डिस्चार्जला तीन तासांत, त्यामुळे काउंटरवरचा मुलगा 'उद्या बघू' म्हणाला तर ऐकून घेऊ नका. सत्तरच्या वरच्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. 'ते गरिबांसाठी असतं' हे बाबांनी आता पुरे करावं. आधार कार्डं काढून ठेवा, शनिवारी बसून करू.

आई, 'तुमचा बोनस अडकलाय, आधी थोडे पैसे भरा' असा फोन आला की ठेवून द्यायचा. गोड बोलणाऱ्याशीसुद्धा बोलायचं नाही, ओटीपी तर नाहीच. नियामक संस्था कोणाला बोनसचे फोन करत नाही.

आणि समोरच्या काकूंना त्यांच्या विम्याच्या तक्रारीबद्दल निरोप द्या. त्यांची कंपनी वेगळी आहे, त्यामुळे सांगू शकते. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी द्यायचं. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नकारच आला, तर सांताक्रूझला विमा लोकपालांकडे अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. पण वर्षाच्या आत जायला हवं, त्यांना चालढकल करू देऊ नका.

बाबा, बीपी दोन्ही वेळचं वहीत लिहा. मागच्या वेळी आठवडाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले होते, मला कळतं. आईच्या मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांकडून घेतली की कळवते, त्या दिवसाची रजा मी रुजू होतानाच मागून ठेवली आहे. शनिवारी येताना खरवस आणते. बाबांना एकच वडी द्यायची.

तुमची,
मनू